बीट लॅपटॉप बनवतो म्हणे!

लूपवाला

‘सडेतोड’ यांचं कालचं लिखाण दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सार: पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन याला बिग बॉसने मोठा केला, मुंबईचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांना ‘गली बॉय’ सिनेमाने, घरात बसून एकट्याने गाणी केली वगैरे कथा नंतर रचलेल्या, आणि बीटचं (रॅपखाली वाजणाऱ्या संगीताचं) एवढं कौतुक कशाला, बीट तर लॅपटॉप बनवतो.

आधी तारखा घ्या. ‘तडीपार’ 2020चा. ‘इन्सान’ फेब्रुवारी 2022चा. बिग बॉसचा सोळावा सीझन सुरू झाला ऑक्टोबर 2022मध्ये. म्हणजे दोन अख्खे अल्बम बाहेर पडल्यावर टीव्हीवाले दारात आले. चॅनेलला नवी पोरं हुडकून मोठी करायची हौस नसते हो, त्यांना आयता प्रेक्षक लागतो. नेझीचं ‘आफत’ तर 2014च्या जानेवारीतलं, कुर्ल्यात आयपॅडवर शूट केलेलं. सिनेमा आला फेब्रुवारी 2019मध्ये. मधली पाच वर्षं सिनेमावाले काय करत होते? बघत होते.

आता बीट. मी बरीच वर्षं पोरांची गाणी मिक्स करून पोट भरतो, त्यामुळे हे जरा लागलं. जो स्वतः बीट बनवतो आणि स्वतःच लिहितो त्याला माहीत असतं की आपली खरी मारणारी ओळ कुठे पडणार आहे. तिथे तो ड्रम काढून घेतो. अर्ध्या बारपुरता (बार म्हणजे चार ठोके) 808, म्हणजे तो खोल बास, गप्प. ओळ उघडी पडते आणि पुढच्या किकवर अंगावर येते. विकत घेतलेल्या बीटवर हे जमत नाही. तिथे आठ बारांचा हुक (धृपद), सोळा बारांचा व्हर्स (कडवं) असा साचा आधीच बसवलेला असतो आणि तुम्ही त्यात शब्द कोंबता. स्टॅनने सुरुवातीपासून बीट स्वतः केले. गाणं आवडो न आवडो (मला अर्धी आवडत नाहीत), पण त्या वयात दोन्ही कामं एका डोक्यातून करणं म्हणजे लॅपटॉपचं बटण दाबणं नव्हे.

सडेतोड

तारखा तोंडपाठ आहेत, शाबास. आता माझी तारीख घ्या: फेब्रुवारी 2023, बिग बॉसचा निकाल. त्याच्या आधी दोन अल्बम असूनही आमच्या आईला हा मुलगा माहीत नव्हता. त्या सीझननंतर ती चहा सांडला तरी स्टॅनसारखं ‘शेमडी’ म्हणायला लागली. मोठं होणं म्हणजे हेच. तुमच्या मिक्सिंगच्या खोलीत चार पोरांना माहीत असणं म्हणजे मोठं होणं नाही.

आणि नेझीचं उदाहरण स्वतःच्या पायावर मारून घेतलंत. ‘आफत’चा बीट त्याने बनवला नव्हता, नेटवरून उतरवला होता. तरी ते गाणं आजही अंगावर येतं. मग तुमचा तो ‘एका डोक्यातून’ सिद्धांत कुठे गेला?

डिव्हाइनचंही ऐका. ‘मेरे गली में’ 2015चं. काढलं कुणी? सोनी म्युझिकने. बीट कुणाचा? दिल्लीच्या सेझ ऑन द बीटचा. एकट्याने, घरात बसून, नाही का!

टाडीवाला_बॉय

काका तुमच्या आईला माहीत नव्हता म्हणजे अस्तित्वात नव्हता काय 😂 आमच्या शाळेत प्रत्येकाच्या फोनमध्ये होता. बेंच वाजवून म्हणायचो. मास्तरांनी फोन काढून घेतले तरी पाठ होतं. हक से.

लूपवाला

सोनीचं मान्य. ते लपवायचा प्रश्नच नव्हता, मी डिव्हाइनच्या बीटबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. नेझीचंही मान्य, उतरवलेल्या बीटवर कमाल गाणं होऊ शकतं. पण पुढची पाच-सहा वर्षं तेच करून बघा. तुमच्या गाण्याची चाल दुसऱ्याच्या मालकीची असते.

श्रीरंग_जोशी_सर

या पोरांना ‘स्वतंत्र’ म्हणून डोक्यावर घेता तेव्हा हसू येतं. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफ-तुणतुण्यावर गावंच्या गावं जागी केली. कुठली कंपनी होती पाठीशी? पोवाडा हाच मूळ रॅप. अमेरिकेतून आयात करायची गरज नव्हती. आणि पुण्याचा मुलगा मराठीत का गात नाही, हा प्रश्न इथे कुणालाच पडत नाही!

तिखटशेव

आला. पोवाडा आला. रॅपचा विषय निघाला की दहाव्या मिनिटाला पोवाडा येतो, मी मैत्रिणीशी पैज लावलेली. सर, आता वडापाव द्या मला.

सर, मराठीत रॅप हवाय ना? मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप ग्रुपचा एमसी मवाली मराठीतच म्हणतो. आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना घेऊन 2019मध्ये मुंबईतल्या आरेच्या जंगलावर ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. तेव्हा तुम्ही ऐकलंत? शेअर केलंत? नाही. ‘तांबडी चामडी’ 2024मध्ये रीलवर येईपर्यंत तुम्हाला मराठी पोरं काही करतात याचा पत्ता नव्हता. तीसुद्धा क्रेटेक्स या डीजेच्या हाउस बीटवर नाचता येते म्हणून चालली. मराठी मरतेय म्हणून रडायचं आणि मराठीत कुणी काही केलं की ‘हे काय गाणं’ म्हणायचं.

श्रीरंग_जोशी_सर

मी ऐकलं होतं. आवडलंही होतं. शेअर केलं नाही, कारण मला शेअर करता येत नाही.

वेस्टसाइड_वाशी

भारतातलं सोडा. अमेरिकन रॅपर निप्सी हसलने 2013मध्ये ‘क्रेनशॉ’ मिक्सटेपच्या 1000 प्रती प्रत्येकी 100 डॉलरला विकायला काढल्या. नेटवर तेच फुकट ठेवलं होतं! त्यातल्या 100 एकट्या जे-झीने घेतल्या. याला म्हणतात स्वतःच्या जोरावर करणं. आपल्याकडे कुणात आहे का हा दम?

सडेतोड

वाशीत 100 रुपयांना काढून बघा. किती जातात ते कळवा.

808_पाटील

गप्प बसणार होतो, पण लूपवाल्यांचं ते वाक्य टोचलं: विकतच्या बीटवर तुम्ही शब्द कोंबता. साहेब, तो विकतचा बीट बनवणारा मी आहे. साचा बसवतो कारण तुमच्या रॅपरला सोळाच्या पुढे मोजता येत नाही.

मला सांगा, या सगळ्या ‘सुरुवातीच्या संघर्षा’च्या कथांत बीटमेकर कुठे असतो? गावाकडून पुण्यात आलो, रात्री कॉल सेंटर आणि दिवसा बीट. एका रॅपरला बीट दिला. नाव घेत नाही, ऐकलं असेल तुम्ही. यूपीआयवर एकदा पैसे टाकले, संपलं. पुढे ते गाणं दहीहंडीला आमच्याच गल्लीत वाजलं. डिस्क्रिप्शनमध्ये कॅमेरामनचं नाव, एडिटरचं नाव, ज्याची बाइक शूटला आणली त्याचंही नाव. माझं नाही. मुलाखतीत म्हणतो कसा, ‘सगळं मी आणि माझ्या भावांनी केलं.’ कुठला भाऊ?

कडवट_बार

पाटील, भारी रडगाणं. आता दुसरी बाजू. मी रॅपर आहे, लहान आहे, पण आहे. बीटमेकरकडून बीटची लीज (वापरायची परवानगी, मालकी नाही) घेतली. गाणं टाकलं. आठवड्यात यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम. का? तर तोच बीट आणखी तिघांना दिलेला, आणि त्यातल्या एकाने डिस्ट्रिब्युटरकडे कंटेंट आयडी (यूट्यूबची गाणं ओळखून दावा लावणारी यंत्रणा) चालू केलेला. म्हणजे माझ्या गाण्याची कमाई भलत्याच पोराच्या खात्यात. फोन केला तर साहेब म्हणतात, ‘लीज होती भाऊ, एक्सक्लुझिव्ह नव्हती.’ हे आधी सांगायला काय झालं होतं? तुमची जमातच चोर.

808_पाटील

जमात काढू नको. लीज म्हणजे काय ते न वाचता पैसे टाकलेस, ती माझी चूक? एमपीथ्रीच्या पैशात तुला स्टेम्स (प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक) पण हवे, एक्सक्लुझिव्ह पण हवं. जेवण फुकट, वर दक्षिणा.

कडवट_बार

तू वाचायला दिलंस तरी काय? व्हॉट्सअॅपवर एक व्हॉइस नोट. ‘हां भाई, वापर बिनधास्त.’ हा तुमचा करार!

808_पाटील

ती नोट माझी नव्हती. मी तुला ओळखतही नाही.

कडवट_बार

सगळे सारखेच बोलता, म्हणून ओळखीचा वाटलास.

लूपवाला

अरे धागा कुठे चाललाय. मूळ मुद्दा स्टॅनच्या सुरुवातीचा होता.

तिखटशेव

चालू द्या. मूळ मुद्द्यापेक्षा हे बरं आहे.

नीरजा_वकील

वकील आहे, पण संगीतातलं काही कळत नाही, भाच्यामुळे या भानगडीत पडले. त्याच्या गाण्यावरही असाच क्लेम आला होता. तेव्हा कायदा उघडून बसले, म्हणून दोघांनाही चार शब्द.

पाटील, कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर तो लेखी लागतो, देणाऱ्याच्या सहीनिशी. यूपीआयची पावती म्हणजे हस्तांतरण नव्हे. तुम्ही काही सही केली नसेल तर त्या दहीहंडीवाल्या गाण्यातली संगीतरचना आजही तुमची आहे. त्याला फार तर वापरायची परवानगी मिळाली होती, आणि तीही कसली, हे त्यालाच दाखवून द्यावं लागेल.

कडवट, तुम्हालाही हेच लागू. कागद नसेल तर तुमच्याकडेही ‘हां भाई’पलीकडे काही नाही. आणि कागद केलात तरी मुदत लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. नेटवर गाणं टाकणाऱ्याने फक्त भारताचे हक्क घेऊन काय करायचं?

शिवाय 2012च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा हक्क विकले तरी उरतो. एकरकमी देऊन कायमचं मोकळं होता येत नाही. तो वाटा गोळा करायला आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था आहे. तिथे सभासद व्हा. भाच्याला सांगून थकले. त्याला नवा माइक घ्यायचाय.

808_पाटील

म्हणजे त्या गाण्याचे पैसे मला अजून मागता येतील?

नीरजा_वकील

मागता येतील. मिळतील का, ते तुमच्याकडे काय पुरावा आहे त्यावर. प्रोजेक्ट फाइल जपून ठेवलीय का? तारखेसकट?

808_पाटील

जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली. कोर्टात दाखवायची का?

तिखटशेव

😂😂 मेलो.

नीरजा_वकील

इथे असलं जाहीर लिहू नका. एवढंच सांगते.

लूपवाला

आता बघा, फिरून फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. जो रॅपर स्वतः लिहितो आणि स्वतः बीट बनवतो, त्याच्याकडे शब्दांचा हक्क त्याचा, संगीताचा त्याचा, आणि रेकॉर्डिंगचा खर्च स्वतः केला असेल तर मास्टरही (मूळ रेकॉर्डिंग) त्याचा. त्याला क्लेम टाकणारा तिसरा माणूसच नाही. कंपनी दारात आली तर तो दोन गोष्टी सांगू शकतो: ‘नाही’ आणि ‘किती?’. कडवटला दोन्ही सांगता येत नाहीत. सुरुवातीच्या काळात बीट स्वतः करण्याला मी म्हणूनच एवढा भाव देतो.

सडेतोड

ठीक आहे. बीट लॅपटॉप बनवत नाही, बीटचे वाद लॅपटॉपवर बनतात, एवढी सुधारणा करून घेतो.

पण तुम्ही एक गोष्ट सोयीस्कर गाळताय. जिओ आला सप्टेंबर 2016ला. त्याआधी डेटा महाग होता, वस्तीतलं पोरगं दिवसभर यूट्यूब बघू शकत नव्हतं. नेझीच्या वेळी गाणं ब्लूटूथने आणि मेमरी कार्डावर फिरायचं. स्टॅनच्या पिढीला प्रेक्षक आयता स्वस्त डेटावर बसलेला मिळाला. हा काळाचा फायदा आहे, त्यात त्याचं कर्तृत्व नाही.

तिखटशेव

डेटा सगळ्यांनाच स्वस्त झाला. त्याच वर्षांत आमच्या सोसायटीतल्या चौघांनी रॅप चॅनेल काढलं. आज एक बँकेत आहे, एक कॅनडात, दोघं एमपीएससी. काळाचा फायदा त्यांना का नाही झाला?

सडेतोड

कारण त्यांनी मुंबईचा रॅपर एमीवे बंटाई याच्याशी भांडण काढलं नाही. स्टॅनचं अर्धं नाव त्या भांडणावर झालं. डिस ट्रॅक (दुसऱ्या रॅपरला झोडणारं गाणं) टाका, मोठ्याचा प्रेक्षक तुमच्याकडे बघायला येतो.

टाडीवाला_बॉय

बघायला येतो. थांबतो का? थांबला ना पण. दोन अल्बम थांबला. तिकीट काढून शोला गेलो मी, घरी खोटं सांगून. तुमच्या आईंना पण घेऊन चला पुढच्या वेळी.

सडेतोड

तिला विचारलं. येते म्हणाली. आता तिकिटाचे पैसे मला भरावे लागणार.

कडवट_बार

नीरजाताई, तो आयपीआरएसचा फॉर्म इंग्रजीतच आहे का? आणि पाटील, खरंच, तो व्हॉइस नोटवाला तू नाहीस ना? माझ्याकडे एक व्हर्स पडून आहे. बीट हवाय. या वेळी कागद करू.

808_पाटील

आधी जमातीबद्दल जे बोललास ते मागे घे. मग टेम्पो सांग.

कडवट_बार

मागे घेतलं. 140, हाफ-टाइम.

808_पाटील

स्टेम्सचे वेगळे पैसे.