बास्केटबॉल टिकला तो मूळ नियमांमुळे की नंतरच्या दुरुस्त्यांमुळे?

कोर्टकर
माझं मत: या खेळाची गोडी डिसेंबर 1891 मध्येच पक्की झाली होती. स्प्रिंगफिल्ड, मॅसॅच्युसेट्सच्या वायएमसीए (ख्रिस्ती युवक संघटना) प्रशिक्षण शाळेत लूथर गुलिक यांनी जेम्स नेस्मिथना हिवाळ्यात आत खेळता येईल असा खेळ काढायला सांगितलं. मैदानी खेळ व्यायामशाळेत खेळले की हातपाय मोडायची वेळ यायची. नेस्मिथनी दुखण्याचं मूळ पकडलं. चेंडू घेऊन पळणाऱ्याला थांबवायचं तर पाडावं लागतं, म्हणून पळण्यालाच बंदी. उभ्या गोलात जोरात मारणाऱ्याचं फावतं, म्हणून गोल आडवा आणि डोक्याच्या वर. पीचच्या टोपल्या ठोकल्या तो गॅलरीचा कठडा 10 फुटांवर होता. रिंग आजही तिथेच आहे, 3.05 मीटरवर.

त्या आडव्या रिंगचा हिशोब करून बघा. आतला व्यास 45 सेंमी, 7 नंबरचा (पुरुषांच्या मापाचा) चेंडू साधारण 24 सेंमीचा. चेंडू 45 अंशांत खाली आला तर त्याच्या वाटेला येणारी फट जेमतेम 32 सेंमीची, म्हणजे 8 सेंमी मोकळीक. उतार 32 अंशांहून कमी झाला की कडेला न लागता चेंडू आत जाणं अशक्य. म्हणून सपाट, ताकदीने फेकलेला शॉट मागच्या कडेवर आपटून बाहेर येतो आणि कमान देऊन सोडलेला अलगद पडतो. अंगात जोर असलेल्याला हात हलका ठेवावा लागतो. हे पहिल्या दिवसापासून आहे, नंतर कोणी जोडलेलं नाही.

शिट्टीवाला
रिंगचा हिशोब मान्य, निष्कर्ष नाही. पहिल्या सामन्यात एका बाजूला 9 असे 18 जण खेळले आणि सगळ्यांत मिळून गोल झाला एक! मूळ 13 नियमांत काही तर चक्क घातक होते. चेंडू रेषेबाहेर गेला की जो आधी हात लावेल त्याचा. परिणाम काय, तर बाहेर झुंबड, ढकलाढकली. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कोर्टाभोवती जाळ्या लावाव्या लागल्या आणि खेळाडू त्यांवर घासून रक्तबंबाळ व्हायचे. शेवटी चेंडू प्रतिस्पर्ध्याला देण्याचा नियम 1913 मध्ये आला. 1937 पर्यंत प्रत्येक बास्केटनंतर खेळ पुन्हा मध्यभागी उडीने सुरू व्हायचा, म्हणजे वर फेकलेल्या चेंडूसाठी दोन्ही संघांचा एकेक खेळाडू उडी मारायचा. उंच सेंटर (मधला खेळाडू) असलेला संघ चेंडू परत आपल्याकडेच ठेवायचा.

आणि 22 नोव्हेंबर 1950 विसरू नका. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये उंच सेंटर जॉर्ज मायकनच्या मिनियापोलिस लेकर्सविरुद्ध फोर्ट वेनच्या संघाने चेंडू नुसता धरून ठेवला. निकाल 19-18. तेव्हाच्या नियमांत ते बसत होतं. मायकनच्या हातात चेंडू जाऊ न देण्याचा तोच उपाय, त्यामुळे फोर्ट वेनला दोष देता येत नाही. दोष नियमांचा. 1954 मध्ये सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी तोडगा काढला. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे 120 शॉट घेतात, सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंद. भागाकार 24. तेवढ्या सेकंदांत शॉट घ्यायलाच हवा, असं शॉट क्लॉक आलं. पहिल्याच मोसमात संघांची सरासरी 79.5 वरून 93.1 गुणांवर गेली. प्रेक्षक जो वेग बघायला येतो, तो या भागाकारातून आलाय.

कोर्टकर
तो व्यावसायिक लीगचा इतिहास झाला. 24 सेकंदांच्या कितीतरी आधी खेळ जगभर पोचला होता. सेंडा बेरेनसन यांनी 1892 मध्येच स्मिथ कॉलेजात मुलींना शिकवायला घेतला. स्प्रिंगफिल्डलाच शिकलेल्या हॅरी बकने 1920 मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण कॉलेज सुरू केलं आणि तिथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी खेळ आपापल्या शाळांत नेला. 1936 ला ऑलिंपिकमध्येही आला. घड्याळ नव्हतं तेव्हा या सगळ्यांना काय आवडलं असेल?

हाफकोर्ट
दोघांनीही जागेचा मुद्दा सोडलाय. एक रिंग, अर्धं कोर्ट आणि एक चेंडू एवढ्यावर तीन विरुद्ध तीन रंगतं. कोणी नसेल तर एकटाही तासभर शॉट मारू शकतो. फुटबॉल किंवा क्रिकेटला हे साधत नाही. मुंबईतल्या नागपाड्यासारख्या दाटीच्या वस्तीतून अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार होईपर्यंत पोचले, त्याचं मला तरी नवल वाटत नाही.

पण आपल्याकडे रिंग बसवतानाच घोळ होतो. शाळा खांब थेट शेवटच्या रेषेवर रोवतात आणि ले-अप (धावत येऊन रिंगजवळून मारलेला शॉट) मारणारं पोर त्यावर आदळतं. रिंगमागचा बोर्ड रेषेच्या 1.2 मीटर आत आणि खांब किमान 2 मीटर बाहेर हवा, म्हणजे आडवा हात सव्वातीन मीटरचा. खर्च इथेच वाचवला जातो. नंतर काँक्रीटवर 5 सेंमीचा थर चढतो, रिंग तेवढी खाली येते आणि कोणी मोजत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना तर 3.05 मीटरची रिंग आणि 7 नंबरचा चेंडू देऊच नये. चेंडू पोचवण्यासाठी ती कंबरेपासून झोका देऊन फेकतात आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. त्यांना 2.60 मीटर आणि 5 नंबर.

शिट्टीवाला
खांबाबद्दल शंभर टक्के सहमत. पण तुमचा अर्ध्या कोर्टाचा खेळ टोकियो ऑलिंपिकमध्ये गेला तो 12 सेकंदांचं शॉट क्लॉक घेऊनच. 10 मिनिटं किंवा 21 गुण, जे आधी होईल ते. घड्याळ काढा, पुढे असलेला संघ रिंगभोवतीच्या अर्धवर्तुळ रेषेबाहेर चेंडू फिरवत बसेल.

कोर्टकर
बसेल, ऑलिंपिकमध्ये. गल्लीत 21 गुणांचा डाव घड्याळाशिवायच चालतो, कारण तिथे आघाडी राखून वेळ काढता येत नाही. 21 होईपर्यंत शॉट मारावेच लागतात. वेळेवर संपणाऱ्या सामन्यालाच घड्याळाची गरज पडते.

शिट्टीवाला
हा मुद्दा चांगला आहे. तरी नेस्मिथचा सामना वेळेवरच संपणारा होता, 15-15 मिनिटांचे दोन डाव. गुणांची मर्यादा हीसुद्धा नंतरचीच दुरुस्ती.