मुरलेले आरपीजीवाले 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये उतरताहेत: अनुभव आणि सल्ले लिहा

तापीकाठचा
आमच्या भुसावळच्या जुन्या टोळक्यानं परत 'ईव्ह'चं, म्हणजे अवकाशजहाजांच्या ऑनलाइन खेळाचं काढलंय. सगळे आरपीजीत, म्हणजे लेव्हल, क्वेस्ट, गिअर, बॉसवाल्या खेळांत मुरलेले. म्हणून धागा. खेळलेल्यांनी ठोस लिहा, "लय भारी गेम भो" एवढंच नको.

सुरुवात मी करतो. इथे लेव्हल नाही. कौशल्यं खऱ्या वेळेत शिकली जातात, लॉगआउट करून झोपलात तरी. प्रत्येक कौशल्याच्या 5 पायऱ्या. फायदा बहुधा दर पायरीला सारखाच, वेळ मात्र नाही. सगळ्यात सोप्या कौशल्यालाही चौथीपर्यंत 45,255 पॉइंट लागतात आणि पाचवीपर्यंत 2,56,000. आरपीजीवाल्याला सगळं मॅक्स केल्याशिवाय चैन पडत नाही, नि तिथेच महिने जातात. तिसरी-चौथीवर थांबा. पाचवी फक्त तिच्यामुळे नवं जहाज किंवा टी-2 मॉड्यूल (जहाजावर बसवायचं वरच्या दर्जाचं उपकरण) उघडत असेल तरच. आधी सीपीयू, पॉवरग्रिड, कपॅसिटर (उपकरणं बसवायला नि चालवायला लागणारी जहाजाची क्षमता आणि वीज) यांची कौशल्यं घ्या, कुठल्याही जहाजावर कामी येतात.

सातपुडा_एक्सप्रेस
गिअरचं वेड आधी सोडा. जहाज फुटलं की गेलं. कपाशीला बियाणं-खत धरतात तसा जहाजाचा खर्च आधीच धरायचा. खिशात त्याच फिटिंगच्या आणखी चारपाच जहाजांचे पैसे नसतील तर ते जहाज डॉकबाहेर काढू नका. विमा फक्त सांगाड्याचा मिळतो, 12 आठवडे चालतो. मॉड्यूल आणि माल त्यात नाही.

धुळेकर_७७
म्हणजे बॅटलशिप घ्यायचीच नाही का 😭

सातपुडा_एक्सप्रेस
घ्या ना. पण आधी फ्रिगेट (छोटं लढाऊ जहाज). मोठ्या तोफा जवळून गरगर फिरणाऱ्या फ्रिगेटला लागत नाहीत, ट्रॅकिंग पुरत नाही. मोठं म्हणजे ताकदवान हे गणित इथे चालत नाही. फ्लीटमध्ये नवा माणूससुद्धा वॉर्प स्क्रॅम्बलर (वॉर्प, म्हणजे झटकन दूर जाणारी उडी, अडवणारं यंत्र) लावून शत्रूला जागेवर धरून ठेवतो, ते काम स्वस्तातल्या फ्रिगेटचंच.

अमळनेरचा_पोऱ्या
फिटिंगमध्ये नव्वद टक्के नवे एकच घोळ करतात. शील्डपण (ऊर्जाकवच) वाढवतात आणि आर्मरपण (चिलखत). 'ऑलराउंडर बिल्ड'ची सवय. एकच निवडा. शील्डचे मॉड्यूल मुख्यतः मिड स्लॉटमध्ये (जहाजावर मॉड्यूल बसवायच्या जागांची मधली रांग) बसतात, आर्मरचे लो स्लॉटमध्ये. शील्ड घेतलं तर लो स्लॉट डॅमेज वाढवायला मोकळे राहतात. तोफाही एकाच जातीच्या, एकाच मापाच्या. मिसळल्या तर प्रत्येकीचा पल्ला वेगळा, आणि कुठल्या अंतरावर लढायचं तेच कळत नाही.

रावेर_केळीवाला
सेफ झोन ही समजूत काढून टाका. प्रत्येक सौरमालेला सुरक्षेचा आकडा असतो: 1.0 ते 0.5 हाय-सेक, 0.4 ते 0.1 लो-सेक, 0.0 आणि खाली नल. हाय-सेकमध्ये काँकॉर्ड (खेळातले पोलीस) मारणाऱ्याला शिक्षा देतं, तुम्हाला वाचवत नाही. ते पोचेपर्यंत स्वस्तातल्या कॅटलिस्ट जहाजांची टोळी तुमचं मालवाहू फोडून मोकळी. हिशेब सरळ असतो: फुटल्यावर साधारण निम्मा माल शिल्लक राहतो, तो त्यांच्या जहाजांपेक्षा महाग असला की तुम्ही शिकार. म्हणून माल दोनतीन फेऱ्यांत न्या. ऑटोपायलट अजिबात नको, तो गेटपासून (पुढच्या सौरमालेत नेणारं दार) 10-15 किमी अलीकडे उतरतो आणि मग रांगत जातो. उएडामातून (अशा लुटीसाठी बदनाम सौरमाला) भरलेलं जहाज नेऊच नका.

जळगावची_ताई
अजून एक. बँक किंवा स्टॅश सगळीकडून उघडत नाही. जिथे ठेवाल तिथेच माल राहतो. आणि लिलावघरही एक नाही, भाव प्रदेशागणिक वेगळे. मोठी खरेदी जिताला (व्यापाराचं मुख्य ठिकाण) करा, म्हणजे जिता 4-4 स्टेशन. तिथल्या लोकल चॅटमध्ये "पैसे पाठवा, दुप्पट देतो" छाप जे दिसेल ते सगळं फसवणूक. काँट्रॅक्ट स्वीकारताना 'तुम्ही द्याल' आणि 'तुम्हाला मिळेल' या ओळी उलटसुलट नाहीत ना, शून्यं किती, हे दोनदा वाचा. भामटेगिरी इथे नियमात बसते, तक्रार केली तरी पैसे परत येत नाहीत. 'आमच्या कॉर्पमध्ये (खेळाडूंच्या गटात) या, सामान आम्ही हलवून देतो' म्हणणाऱ्याला तर दुरूनच रामराम.

धुळेकर_७७
ताई, इतलं बठ्ठं ध्यानमा ठेवानं शे का? 😅

जळगावची_ताई
नको रे बाबा. करिअर एजंटांची (नवख्यांना शिकवणारी खेळातली पात्रं) कामं आधी कर, जहाजंही मिळतात. आणि सेफ्टी बटण हिरव्यावर ठेव म्हणजे चुकून काँकॉर्ड तुझ्यावर येणार नाही.

चोपडा_रोड
लाईटचं काय? आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी जातेच. आणि पिंग?

तापीकाठचा
पिंगचं (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचं) टेन्शन नको. सर्व्हर लंडनला आहे, पण खेळ सेकंदाला एकदाच पुढे सरकतो, त्याला टिक म्हणतात. 200 मिलिसेकंद असला तरी काही बिघडत नाही. कनेक्शन तुटलं तर जहाज आपोआप वॉर्प करून दूर जातं आणि थोड्या वेळात गायब होतं. पण कुणी स्क्रॅम्बल करून धरलं असेल तर जागेवरच. आणि खेळाडूशी लढाई झाली असेल तर 15 मिनिटांचा टायमर, तोवर जहाज अवकाशातच. राऊटर इन्व्हर्टरवर घ्या.

रावेर_केळीवाला
रोज साडेचारला सर्व्हर तसाही बंद होतो, 11:00 यूटीसी. चहा टाकायचा.

अमळनेरचा_पोऱ्या
शेवभाजी कोण करतंय पण? रविवारी जमायचं होतं ना

सातपुडा_एक्सप्रेस
अजून एक राहिलं. वॉर्पला जहाज त्या दिशेला कमाल वेगाच्या 75% वर लागतं. म्हणून लो-सेकमध्ये आधी स्टेशनकडे अलाइन करून (तोंड करून) चालत राहा, लोकल चॅटच्या यादीत अनोळखी आला की लगेच निघता येतं. डी-स्कॅनचा (आसपासची जहाजं दाखवणारं रडार) पल्ला 14.3 एयू (पृथ्वी-सूर्य अंतराच्या 14.3 पट), दर काही सेकंदांनी दाबत राहा. वॉर्पच्या मधेच त्या जागेचं बुकमार्क करा, तो तुमचा सेफ स्पॉट. तिथे तुम्हाला शोधायला प्रोब (शोधयंत्रं) सोडावे लागतात.

चोपडा_रोड
माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. काय करू?

जळगावची_ताई
मग 'अल्बिअन ऑनलाइन' बघ, फोनवर पूर्ण चालतो. क्लास नाही, अंगावर जे घालशील तोच तुझा क्लास. नकाशाच्या निळ्या-पिवळ्या भागात सामान जात नाही, लाल-काळ्यात मेलास तर सगळं जातं, म्हणून तिथे टी-4 चा (चौथ्या दर्जाचा) स्वस्त संच. बाजार शहरागणिक वेगळा. धातू थेटफर्डला गाळ, कातडं मार्टलॉकला, तिथे रिफायनिंगचा बोनस मिळतो.

धुळेकर_७७
शेवभाजी मी आणतो. कळण्याची भाकरी कुणाकडे?