विषय: हिवाळ्यात सिएटलजवळच्या प्युजेट साउंड खाडीत स्कुबा, कुणी जातं का?

नमस्कार मंडळी,
तारकर्लीला स्कुबा केल्यापासून डोक्यातून ते जात नाही. इथले क्लब डिसेंबर-जानेवारीतही डायव्ह करतात म्हणे. एवढ्या थंडीत? आणि तारकर्लीचा अनुभव इथे धरतात का?
– बॉथेलहून

---

नमस्कार,
मी जाते, आणि माझ्या मते सिएटलचा खरा हंगाम हिवाळाच. उन्हाळ्यात प्लवकं (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) माजतात, पाणी हिरवंगार गढूळ होतं. थंडीत ती ओसरतात आणि पाणी निवळतं. तापमानात फारसा फरक नसतो: ऑगस्टमध्ये 12-13 अंश सेल्सियस, जानेवारीत 8च्या आसपास.

थंडीसाठी ड्रायसूट घालतो. पाणी आत न येऊ देणाऱ्या या पोशाखात अंग कोरडं राहतं, आत गरम कपड्यांचे थर. खोल जाल तसा दाबाने सूट आवळतो, म्हणून छातीवरचं बटण दाबून त्यात थोडी थोडी हवा घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते. दंडावरच्या व्हॉल्व्हमधून ती वेळेत सोडली नाही तर माणूस झपाट्याने वर फेकला जातो, आणि ते फुप्फुसांसाठी घातक. त्यामुळे ड्रायसूटचं वेगळं प्रशिक्षण घ्याच. रेग्युलेटर, म्हणजे सिलेंडरमधली हवा श्वासासाठी तोंडात पोचवणारं साधन, तेही थंड पाण्याचंच लागतं. सिलेंडरमधून सुटणारी हवा प्रसरण पावताना गार पडते. साधा रेग्युलेटर त्यात गोठला तर हवा भसाभसा सुटतच राहते.

तारकर्लीत प्रशिक्षकाचा हात धरून केलेली डायव्ह इथे धरत नाहीत. ओपन वॉटरचा, म्हणजे स्कुबाचा प्राथमिक, कोर्स पुरा करून त्याचं प्रमाणपत्राचं कार्ड मिळालं असेल तर चालतं.

डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून ऑफिसनंतरची डायव्ह रात्रीचीच. आम्ही बहुधा अल्कायजवळच्या सीक्रेस्ट पार्कला, कोव्ह 2 नावाच्या छोट्या खाडीत उतरतो. तळाशी खेकड्यांच्या कवचांचा खच दिसला की समजायचं, इथे जायंट पॅसिफिक ऑक्टोपसचं बीळ आहे. टॉर्च तिरपा धरून वाकलं की आधी त्याच्या हातांवरच्या गोल शोषकांची एक रांग दिसते, मग हळूच एक डोळा. अंडी घातलेली मादी खाणंपिणं सोडून त्यांच्यावर पाणी फुंकत बसते आणि पिल्लं बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. याच दिवसांत लिंगकॉड माशाचा नर दगडांच्या खाचेत अंडी राखतो. जवळ गेलात तर सरळ अंगावर येतो, तेव्हा लांबूनच बघा.

2012 साली याच कोव्हमध्ये एका डायव्हरने ऑक्टोपस मारून नेला. तेव्हा ते कायद्यात बसत होतं. पण इथल्या डायव्हरांनी प्रश्न लावून धरला आणि 2013मध्ये राज्याच्या मत्स्य विभागाने अशा सात ठिकाणी ऑक्टोपस पकडायला बंदी घातली. या लोकांबरोबर पाण्यात उतरायला मला म्हणूनच अभिमान वाटतो.
– वेस्ट सिएटलहून

---

ताई, आमचा सोळा वर्षांचा मुलगा हट्ट धरून बसलाय. रात्री, अंधारात, त्या पाण्यात? मला तर झोप लागत नाही.
– केंटहून

---

काकू, तुमची काळजी रास्त आहे. त्याला आधी कोर्स करू द्या. पहिल्या डायव्ह दिवसाच होऊ देत. एडमंड्सच्या अंडरवॉटर पार्कमध्ये स्वयंसेवकांनी तळाशी दोर लावून वाटा आखल्या आहेत, तिथे सुरुवात बरी. जोडीदाराशिवाय कुणी उतरत नाही, भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच वेळ ठरते, आणि ऐन वेळी नको वाटलं तर कुणीही डायव्ह रद्द करू शकतं, त्याला कारण विचारायचं नाही. सूट विकत घेऊ नका, मुलगा अजून वाढतोय. भाड्याने घ्या, पण पाणी अडवणारं गळ्याचं आणि मनगटाचं सील त्याच्या मापाचं आहे ना, हे दुकानातच घालून बघा.
– वेस्ट सिएटलहून