खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत पहिला मासा केव्हा सोडावा?

ओहोटी (प्रश्न)
माझी १२० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी भरून पाच आठवडे झाले. खडक कोरडेच आणले होते. बाटलीतले जिवाणू पहिल्याच दिवशी ओतले आणि चार दिवस चिमूटभर खाद्य टाकले, त्यानंतर मात्र काहीही टाकलेले नाही. सध्या अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ५ पीपीएम, तापमान २५ अंश आणि हायड्रोमीटरवर (खारेपणा मोजण्याचे साधन) १.०२५ असे आकडे आहेत. वाळूवर तपकिरी थर धरू लागला आहे. आधी तीन डॅमसेल (लहान, चिवट मासे) सोडून सायकल, म्हणजे अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची वाढ, पक्की करून घ्या, असे दुकानदार सांगतो. माझ्या मनात क्लाउनफिशची जोडी आहे. आता मासे सोडण्यास हरकत आहे का?

शिंपला
आहे. अमोनिया शून्य दिसतो तो जिवाणू खातात म्हणून, की टाकीत तो तयारच होत नाही म्हणून, हे या आकड्यावरून कळत नाही. चार दिवसांच्या खाद्यापासून तयार झालेला अमोनिया केव्हाच संपला आहे. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या आणि २४ तासांनी मोजा. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टाकी माशांचा भार पेलण्यास तयार आहे असे समजा, नाहीतर थांबा. मग आठवडे पाच झाले की आठ, याला महत्त्व नाही. तपकिरी थर डायटम शैवालाचा आहे. तो नव्या टाकीत येतोच आणि बहुधा आपोआप ओसरतो.

भरती
डॅमसेलचा सल्ला मी एकदा मानला आणि त्याची किंमत मोजली. अमोनियाने माशांचे कल्ले जळतात. डॅमसेल चिवट असल्यामुळे तगतो खरा, पण तगणे म्हणजे त्रास न होणे नव्हे. माझे तिन्ही वाचले आणि त्यांतल्या एकाने मधली कपार बळकावून पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाचे पर कुरतडले. त्याला पकडण्यासाठी अखेर सगळे खडक बाहेर काढावे लागले.

क्लाउनफिशची निवड योग्य आहे. टाकीतच पैदास झालेली पिल्ले घ्या आणि त्यांतले एक किंचित मोठे असू द्या. हे मासे सुरुवातीला नर असतात व जोडीतला मोठा पुढे मादी होतो, त्यामुळे आकारात फरक असला की भांडणे लवकर मिटतात. दुकानदाराला ते तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा, आणि न खाणारा मासा कितीही देखणा असला तरी घेऊ नका.

मीठभाकर
मासा दुकानातून ज्या पिशवीत येतो तिच्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. बरीच दुकाने क्षारता मुद्दाम कमी, १.०२०च्या आसपास ठेवतात. तिथला मासा थेट १.०२५मध्ये सोडल्यास त्याच्या शरीरातले पाणी खेचले जाते. पिशवीत टाकीचे पाणी थेंबथेंब मिसळणे हा नेहमीचा उपाय आहे, पण पिशवी कित्येक तास बंद राहिली असेल तर तो उलटतो. माशाच्या श्वासातून साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आतला पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडताच पीएच चढू लागतो व तोच अमोनिया घातक ठरतो. म्हणून खडक-वाळू नसलेल्या वेगळ्या छोट्या टाकीची क्षारता आधीच दुकानातल्याइतकी ठेवा, तापमान जुळले की मासा त्यात सोडा आणि क्षारता काही दिवसांत हळूहळू वाढवा. त्या टाकीत मुरलेला (जिवाणू आधीच वाढलेला) स्पंज फिल्टर मात्र हवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग निघालाच तर तांब्याचे औषध तिथेच देता येते, कारण मुख्य टाकीत ते खडकांत मुरते आणि कोळंबी-गोगलगायींना मारते.

हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडे चिकटले नाहीत ना, हेही पाहा. ते काटा वर उचलतात.

ओहोटी
सर्वांचा आभारी आहे. काट्याला खरोखरच दोन बुडबुडे होते. टिचकी मारून ते सोडवल्यावर आकडा १.०२३वर आला. अमोनिया २ पीपीएम केला होता, तो २४ तासांनी ०.५ आणि ४८ तासांनी शून्य झाला, पण नायट्राइटच्या चाचणीची नळी अजून गडद जांभळी आहे, म्हणजे ते अजून बरेच आहे. दुकानदाराला या महिन्यात मासे नकोत असे कळवले आहे.