नोल्डेच्या मेणबत्ती-नर्तकी : रंग काढून घेतल्यावर

जर्मन चित्रकार नोल्डेच्या 'मेणबत्ती-नर्तकी' या लाकडी ठशाबद्दल (लाकूड कोरून, शाई लावून कागदावर छापलेलं चित्र) 'आधी रंगवलेलं चित्रच लाकडावर उतरवलंय, त्यात नवीन काय' असं कुणीतरी म्हटलंय. मला ते पटत नाही. एमिल नोल्डेनं 'मेणबत्ती-नर्तकी' तैलरंगात केल्या १९१२ मध्ये आणि लाकडी ठसा कोरला १९१७ मध्ये. तैलचित्रात सगळी आग लाल-पिवळ्या रंगांची आहे, ठशात फक्त काळा आणि कोरा कागद.

आता कोरण्याची रीत बघा. पटाशीनं जेवढं लाकूड काढाल तेवढं पांढरं, जे ठेवाल ते शाईखाली काळं. म्हणजे अंधार आयताच मिळतो, उजेड मात्र कोरून काढावा लागतो. पायाशी जळणाऱ्या मेणबत्त्यांच्या ज्योती आणि नाचणाऱ्यांची अंगं एकाच हत्यारानं, एकाच झटक्यात निघाल्यासारखी दिसतात ती त्यामुळेच. कडा खडबडीत आहेत हे खरं, पण त्या घासून गुळगुळीत केल्या असत्या तर नाच जागीच थिजला असता. बोटं मोजायला जाऊ नका, हातांची फेक बघा.

१९१३ ची त्याची 'नर्तकी' ही शिळाछापही (दगडावर काढून छापलेलं चित्र) सोबत ठेवून पाहा. तिथे दगडावर कुंचला चालतो, त्यामुळे रेषा वाहते. मला स्वतःला लाकडी ठसाच जास्त आवडतो.

नोल्डेला नाझींचा बळी म्हटलं जातं, तर त्याच्या राजकारणाचा मुद्दाही अर्धवट नको. नोल्डे नाझी पक्षाचा सभासद होता, ज्यूद्वेष्टाही होता. तरी त्याच पक्षाच्या सरकारनं त्याची हजारावर कामं संग्रहालयांतून उचलली आणि १९३७ च्या म्युनिकमधल्या 'अधःपतित कला' या हिणवण्यासाठी भरवलेल्या प्रदर्शनात त्याची चित्रं टांगली. त्याला निव्वळ बळी ठरवू नका, एवढंच.