घाऊक भावाच्याही खालचा परदेशी भाव : कोल्हापुरातील दुकानदार आणि ग्राहकांचे अनुभव

दुकानात भाव विचारायचा, मोबाइलवर परदेशातील ऑनलाइन दुकानाचा भाव दाखवायचा आणि दुकानदार लुबाडतो असे ठरवून बाहेर पडायचे, हे आता आपल्या शहरात रोजचे झाले आहे. प्रत्यक्षात आयात होणाऱ्या अनेक वस्तूंच्या बाबतीत दुकानदाराला वितरकाकडून मिळणारा घाऊक भावच त्या किरकोळ भावापेक्षा जास्त असतो. हे ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही, म्हणून दोन्ही बाजूंच्या मंडळींना मनमोकळे लिहिण्याची विनंती केली होती. आलेल्या अनुभवांपैकी काही येथे देत आहे.

सायकल दुकानदार, राजारामपुरी :
माझ्याकडे गीअरच्या सायकलींचे काम जास्त असते. डिरेलर (साखळी एका गीअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) किंवा कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच) परदेशी कंपनीकडून भारतातील वितरकाकडे आणि तेथून माझ्याकडे येते, त्यामुळे सीमाशुल्क, वाहतूक आणि वितरकाचा हिस्सा माझ्या खरेदीच्या बिलातच धरलेला असतो. याउलट ब्रिटनमधील मोठी ऑनलाइन दुकाने एकाच वेळी प्रचंड माल उचलत आणि माझ्या खरेदीच्याही खाली विकत. एका गिऱ्हाईकाने तेथून मागवलेला डिरेलर साध्या तपकिरी खोक्यात आला होता. त्यावर ना रंगीत छपाई होती, ना कमाल किरकोळ किंमत. अशा खोक्यातला माल मुळात नव्या सायकलींवर बसवण्यासाठी कारखान्यांना दिलेला असतो आणि उरलासुरला बाजारात येतो. वस्तू अस्सल होती, पण थोड्याच काळात तिची स्प्रिंग ढिली पडली, तेव्हा येथील वितरकाने हमी नाकारली आणि परत पाठवण्याचा टपालखर्च गिऱ्हाईकाला परवडेना. पुढे २०२३ साली विगल आणि चेन रिअॅक्शन ही नावाजलेली ब्रिटिश दुकाने मूळ कंपनीच्या आर्थिक अडचणींमुळे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत प्रशासकाच्या हाती गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकल आणि सुट्या भागांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याने थोडा दिलासा मिळाला. मात्र आयातीचा मूळ भारच जड असेल, तर जीएसटी उतरून अंतर पूर्ण मिटत नाही. बाहेरून आणलेला भाग बसवून द्यायला मी कधीच नाही म्हणत नाही. मजुरी आधी सांगतो आणि हमी फक्त माझ्या कामाची देतो.

जलरंग चित्रकार, मंगळवार पेठ :
शंभर टक्के कॉटनचा कागद येथे महाग मिळतो म्हणून मी तो परदेशातून मागवला. पार्सल सोडवताना कळले की शुल्क नुसत्या कागदाच्या किमतीवर नसते. वाहतूक आणि विमा धरून मूल्य ठरते, त्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सर्वांच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागतो. कागद वजनदार असल्याने निम्मी बचत वाहतुकीतच गेली. शिवाय एका कोपऱ्याला ओल लागली होती. तेथील सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा कागदावरचा लेप) मेल्यामुळे रंगाचा हात फिरवला की डाग डाग उठत. महाद्वार रोडवरील माझे दुकानदार एकच शीट सुटी देतात, उजेडात धरून पाहू देतात, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही सोय भावातील फरकापेक्षा मोठी आहे. तरीही रंगांच्या ट्यूब मी अजून बाहेरूनच मागवतो, कारण त्या हलक्या असतात आणि हव्या त्या छटा येथे कोणी ठेवत नाही.

वर्कशॉपचालक, शिवाजी उद्यमनगर :
चीनमधून थेट मागवलेले कार्बाइड इन्सर्ट (धातू कापणाऱ्या हत्याराची बदलता येणारी कठीण टोके) स्वस्त पडतात हे खरे आहे. परंतु वैयक्तिक नावाने मागवले तर भरलेल्या आयजीएसटीचे क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो पुढच्या करातून वजा करता येत नाही. त्यासाठी फर्मच्या नावाने आयात-निर्यात कोड आणि बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्क खात्याकडे भरलेले आयातीचे कागदपत्र) लागते. हे गणित मांडल्यावर फरक बराच कमी होतो. मशिन उभे राहिले की येथील डीलर तासाभरात इन्सर्ट पोहोचवतो, बिल महिनाअखेरीस घेतो, आणि कास्टिंग कठीण लागले तर दुसरी ग्रेड लावून बघा असेही सांगतो. उधारी आणि सल्ला यांचा खर्च त्याच्या भावात असणारच, आणि तो मी राजीखुशीने देतो.

गृहिणी, शाहूपुरी :
२०२० साली शीन आणि अलीएक्सप्रेस या चिनी ॲपवर बंदी आल्यापासून आमची परदेशी खरेदी थांबली. तोवर मुलींचे कपडे तेथूनच येत असत. आता लक्ष्मीपुरीत घेतो, आणि माप चुकले तर त्याच दिवशी बदलून मिळते. दुकानदारांना एवढेच सांगावेसे वाटते की, भाव जास्त का आहे असे विचारल्यावर रागावू नये. वरील सायकलवाल्यांनी जसे खरेदीचे गणित उघड मांडले, तसे काउंटरवरच मांडले असते, तर आमच्यासारख्या कितीतरी जणी तेव्हाही येथेच घेत्या.