३४ इंची अल्ट्रावाइड, १७५ हर्ट्झ: या तीन प्रीबिल्टपैकी कोणता पीसी?

रुंदपट विचारतात:

मॉनिटर ठरला आहे: ३४ इंच, ३४४० × १४४०, १७५ हर्ट्झ, ओएलईडी. त्याला साजेसा तयार जोडलेला गेमिंग पीसी हवाय. सुटे भाग आणून स्वतः जोडायचं नाही हे पक्कं आहे, त्यामुळे कृपया त्यावर वाद नको.

खेळ: सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंगसकट (म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करून दाखवलेली सावली-प्रतिबिंबं), असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने, काउंटर-स्ट्राइक २, आणि अधूनमधून एल्डन रिंग.

अ) कोअर आय७-१४७००एफ, आरटीएक्स ५०७० १२ जीबी, १६ जीबी डीडीआर५, १ टीबी एसएसडी, '७५० वॉट गोल्ड'. मोठ्या कंपनीचा तयार डबा.

ब) रायझन ७ ७८००एक्स३डी, आरएक्स ९०७० एक्सटी १६ जीबी, ३२ जीबी डीडीआर५-६०००, १ टीबी, ८५० वॉट.

क) रायझन ५ ७६००, आरटीएक्स ५०७० टीआय १६ जीबी, ३२ जीबी डीडीआर५-५६००, १ टीबी, '७५० वॉट ब्रॉन्झ'.

अ सर्वात स्वस्त, ब आणि क जवळपास एकाच किमतीत. एवढ्या रिझोल्यूशनला सगळा भार ग्राफिक्स कार्डावरच पडतो म्हणतात, मग क घेऊन मोकळं व्हावं का? जाणकारांनी सांगावं.

फ्रेममोजणी:

आधी हिशेब मांडू. ३४४० × १४४० म्हणजे सुमारे ४९.५ लाख पिक्सेल. साध्या १४४०पीचे ३६.९ लाख, फोरकेचे ८२.९ लाख. म्हणजे तुम्ही १४४०पीच्या ३४ टक्के पुढे आणि फोरकेच्या बरेच मागे आहात. रिव्ह्यूंमध्ये अल्ट्रावाइडचे आकडे क्वचितच देतात. कार्डाचा १४४०पीचा आकडा घ्यायचा आणि त्यातून २० ते २५ टक्के वजा करायचे, अंदाज बऱ्यापैकी जमतो.

आता तुमचं 'सगळा भार कार्डावर'. ६० हर्ट्झच्या फोरकेला हे चालून जातं. १७५ हर्ट्झला एका फ्रेमच्या वाट्याला ५.७ मिलिसेकंद येतात, आणि तेवढ्यात प्रोसेसरनेही आपलं काम उरकायला हवं. त्यात अल्ट्रावाइडवर दोन्ही बाजूंचं जास्तीचं दृश्य दिसतं, म्हणजे प्रोसेसरला प्रत्येक फ्रेममध्ये जास्त गाड्या, माणसं, इमारती हाताळाव्या लागतात. वर डीएलएसएस (लहान चित्र बनवून ते मोठं करणारं एनव्हीडियाचं तंत्र) क्वालिटीवर लावलंत की आतलं चित्र २२९३ × ९६० ला बनतं. हे झाले २२ लाख पिक्सेल, १०८०पीपेक्षा जेमतेम जास्त. कार्ड मोकळं झालं की अडतो तो प्रोसेसर.

तुमच्या यादीतला गाड्यांच्या शर्यतीचा असेटो कोर्सा तर प्रोसेसरचा कसच पाहतो. ग्रिडवर पंचवीस-तीस गाड्या असल्या की ७८००एक्स३डीची ९६ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) जे करते ते ७६०० च्या ३२ एमबीला जमत नाही. सरासरीपेक्षाही फरक कळतो तो सर्वात संथ १ टक्का फ्रेममध्ये, म्हणजे पहिल्या वळणावर सगळा घोळका समोर असताना. काउंटर-स्ट्राइकचंही तेच.

अ मधलं १२ जीबी कार्ड आज बहुतेक खेळांना पुरतं. सायबरपंकमध्ये पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचा सर्वात जड प्रकार) आणि फ्रेम जनरेशन (मधल्या जास्तीच्या फ्रेम कार्डानेच बनवून भरणं) दोन्ही लावलं की मात्र मेमरी काठोकाठ भरते, कारण फ्रेम जनरेशन स्वतःही मेमरी खातं. मेमरी संपल्याची खूण ओळखून ठेवा: सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीक दिसतो, पण कॅमेरा झर्रकन वळवला की हिसका बसतो आणि भिंतींचे पोत काही क्षण पुसट राहतात.

माझं मत ब. एल्डन रिंगसाठी काहीही घ्या, तो ६० एफपीएसला बांधलेला आहे आणि अल्ट्रावाइडवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्याच देतो.

पेचकस:

प्रोसेसर आणि कार्ड जाहिरातीत ठळक छापलेलं असतंच. प्रीबिल्टमध्ये फसगत होते ती न छापलेल्या ओळींत. विक्रेत्याला हे लेखी विचारा:

मदरबोर्डाचं नेमकं मॉडेल कोणतं? मोठ्या कंपन्यांच्या काही डब्यांत मदरबोर्डाचा आकार, पॉवर सप्लायचा प्लग, अगदी समोरच्या बटणाची वायरसुद्धा त्यांच्याच पद्धतीची असते. मग चार वर्षांनी पॉवर सप्लाय गेला की बाजारातला दुसरा बसत नाही. 'एटीएक्स किंवा मायक्रो-एटीएक्स, स्टँडर्ड २४ पिन' एवढं उत्तर आलं तरी पुष्कळ.

रॅम एक स्टिक की दोन? १६ जीबी एकाच स्टिकमध्ये असेल तर मेमरीची बँडविड्थ निम्मी होते आणि हाय रिफ्रेशला ते लगेच जाणवतं. ३२ जीबी हवी ती १६ च्या दोन स्टिकमध्ये. ८ च्या चार नकोत. एएम५ वर (ब आणि क मधल्या रायझनचा सॉकेट) चारही स्लॉट भरले की एएमडीचा अधिकृत वेग ३६०० वर उतरतो. पुढे ते ६००० ला चाललं तर नशीब.

पॉवर सप्लायचं मॉडेल? गोल्ड-ब्रॉन्झ हे फक्त कार्यक्षमतेचं लेबल आहे, आतल्या मालाची हमी नव्हे. चांगला ब्रॉन्झ असतो तसा सुमार गोल्डही असतो. ५०७० टीआय ३०० वॉटचं आणि ९०७० एक्सटी ३०४ वॉटचं कार्ड आहे, दोघांनाही चांगला ७५० वॉट पुरतो. मॉडेल सांगायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर त्यातच उत्तर आलं.

अ बद्दल आणखी एक. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होण्याचा दोष होता. त्यावरचा ०एक्स१२बी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कोडची दुरुस्ती) सप्टेंबर २०२४ मध्ये आला. त्यानंतरचा बायोस (मदरबोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) टाकलेला आहे का, हे विचारल्याशिवाय १४७००एफ घेऊ नये. शिवाय पूर्ण जोरावर तो २१९ वॉटपर्यंत जातो, आणि अशा डब्यांत त्यावर बसवलेला कूलर बहुधा बारकाच असतो. पुढचं पॅनल काचेचं असेल तर हवा येणार कुठून? जाळी हवी.

किरणोत्सुक:

क ची बाजू कोणी घेत नाहीये म्हणून लिहितो. सायबरपंकमध्ये पाथ ट्रेसिंग खरोखर लावणार असाल तर ५०७० टीआय ९०७० एक्सटीच्या स्पष्टपणे पुढे आहे. नुसतं साधं रे ट्रेसिंग असेल तर अंतर बरंच कमी होतं. डीएलएसएस असलेले खेळही एफएसआर ४ (एएमडीचं तसंच तंत्र) असलेल्या खेळांपेक्षा जास्त आहेत. आणि ७६०० एएम५ वर आहे, एएमडीने हा सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवायचं जाहीर केलंय. उद्या बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर मोठ्या कॅशचा एक्स३डी प्रोसेसर बसवता येईल. कार्ड बदलण्यापेक्षा प्रोसेसर बदलणं केव्हाही स्वस्त.

फ्रेममोजणी:

मुद्दा रास्त आहे, फक्त रुंदपट यांना स्वतः काही जोडायचं नाही असं वर लिहिलंय. प्रोसेसर बदलणं म्हणजे कूलर काढणं, पेस्ट लावणं, आणि कुठेकुठे वॉरंटीच्या सीलचाही प्रश्न. शिवाय त्यांच्या चारपैकी दोन खेळ प्रोसेसरवर अडणारे, पाथ ट्रेसिंगचा एकच. चारही खेळ सायबरपंकसारखे असते तर मीही क म्हटलं असतं.

फ्रेम जनरेशनच्या भरवशावर १७५ चा आकडा गाठू नका, एवढं मात्र दोन्ही कार्डांना लागू. मुळात ६०-७० एफपीएस येत असतील तर ते छान दिसतं. मुळात ३५ असतील तर आकडा दुप्पट दिसेल, पण माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटेल.

रुंदपट:

सगळ्यांचे आभार. विक्रेत्यांना विचारलं. अ मध्ये १६ ची एकच स्टिक निघाली आणि बोर्ड कंपनीचा स्वतःचा, तो बाद. ब मध्ये बी६५० मायक्रो-एटीएक्स बोर्ड, १६ च्या दोन स्टिक, पॉवर सप्लायचं मॉडेलही लगेच कळवलं.

मॉनिटरच्या पुस्तिकेत डिस्प्लेपोर्ट १.४ एक आणि एचडीएमआय २.० दोन, असं आहे. १७५ हर्ट्झ आणि १० बिट रंग दोन्ही एकदम मिळतील ना?

केबलवाला:

डिस्प्ले स्ट्रीम कॉम्प्रेशन, म्हणजे डीएससी, मॉनिटरमध्ये नसेल तर नाही. १७५ हर्ट्झ, १० बिट म्हटलं की नुसत्या पिक्सेलांचाच डेटा सेकंदाला २६.० गिगाबिट होतो, आणि डिस्प्लेपोर्ट १.४ ची प्रत्यक्ष क्षमता २५.९. अगदी केसाने हुकतं, वर ब्लँकिंगचा (दोन फ्रेममधल्या रिकाम्या वेळेचा) भाग वेगळाच. म्हणून अशा मॉनिटरवर दोनच पर्याय उरतात: १७५ ला ८ बिट, किंवा १४४ ला १० बिट. यात कार्ड बदलून काही उपयोग नाही, अडचण मॉनिटरच्या बाजूची आहे. एचडीआरमध्ये ८ बिट पाठवताना कार्ड डिदरिंग करतं (जवळच्या छटा मिसळून मधल्या रंगाचा भास देतं), त्यामुळे खेळताना फरक शोधूनही सापडत नाही. १७५ ला ८ बिट ठेवा.

एचडीएमआय २.० ला हात लावू नका. त्यावर ३४४० × १४४० ला साधारण १०० हर्ट्झच मिळतात. 'नवा पीसी, तरी १०० च्या वर पर्याय दिसत नाही' अशा तक्रारींत बहुतेकदा हीच केबल निघते. मॉनिटरच्या खोक्यातलीच डिस्प्लेपोर्ट केबल वापरा. लांब हवी असेल तरी साधी केबल २ मीटरच्या आत ठेवा, नाही तर पडदा मध्येच क्षणभर काळा होतो.

पेचकस:

ब आला की काय करायचं ते लिहून ठेवतो.

प्लग लावण्याआधी बाजूचं पॅनल उघडा. प्रवासात कार्ड हलू नये म्हणून आत फोम किंवा हवेची पिशवी भरलेली असते, ती काढा. ती तशीच ठेवून पीसी सुरू करणारे कमी नाहीत. कार्ड स्लॉटमध्ये सरळ बसलंय का, मागचे स्क्रू घट्ट आहेत का, ते बघा. पॉवरचे ८ पिनचे प्लग असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र केबल हवी, एकाच केबलचे दोन फाटे नकोत. १६ पिनचा प्लग असेल तर तो शेवटपर्यंत आत गेलेला हवा, फट दिसता कामा नये, आणि प्लगपासून साधारण साडेतीन सेंटीमीटरच्या आत वायर वाकवू नये.

मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डाला नाही. ७८००एक्स३डीमध्ये छोटं अंगभूत ग्राफिक्स आहे, त्यामुळे चुकीच्या जागी लावली तरी चित्र येतं आणि माणूस फसतो.

पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. एएम५ रॅमचं ट्रेनिंग करत असतो. घाबरून बटण दाबून बंद करू नका, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या छापील वेगाला चालवणारी सेटिंग) चालू करा, प्रीबिल्टमध्ये ते सर्रास बंदच येतं आणि ६००० ची रॅम ४८०० वर रांगत राहते. त्यानंतरही एकदा काळा पडदा येईल. सीपीयू-झेडमध्ये ३००० च्या आसपास आकडा दिसला तर बरोबर आहे, डीडीआरचा वेग तिथे निम्मा दाखवतात.

मग विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १७५ निवडा, ते बऱ्याचदा ६० वरच असतं. मॉनिटरच्या मेनूत अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक आणि एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रीसिंक, दोन्ही चालू हवेत. एफपीएसची मर्यादा १७० ठेवा, १७५ ला टेकलं की व्हीआरआर (मॉनिटरचा वेग एफपीएसशी जुळता ठेवणारं हेच अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक) सुटतं. ओएलईडीवर लोडिंग स्क्रीनला किंवा काळोख्या दृश्यात पडदा लुकलुकला तर मॉनिटर खराब नाही. एफपीएस खालीवर उड्या मारतो तेव्हा व्हीआरआरमध्ये तसं होतं. तो खेळ जिथे स्थिर राहतो त्या आकड्याला बांधला की बरंच थांबतं.

परत करायची मुदत संपायच्या आत एखादा जड खेळ तासभर चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघा. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंश आहे. खेळताना तो सतत ८५ च्या वर असेल तर कूलर नीट बसलेला नाही, किंवा त्याखालची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली आहे.

रुंदपट:

ब नक्की करतोय. शेवटचं एक: त्यांची रॅम ६००० सीएल३६ आहे (सीएल म्हणजे रॅमच्या प्रतिसादाचा विलंब, कमी तितका बरा). जास्तीचे पैसे देऊन सीएल३० घ्यावी का?

फ्रेममोजणी:

नको. एक्स३डीच्या मोठ्या कॅशमुळे तो फरक जेमतेम उरतो. ते पैसे २ टीबी एसएसडीकडे वळवा, तुमच्या यादीतले चार खेळ आणि विंडोज मिळूनच १ टीबीचा मोठा हिस्सा जातो. त्यांनी १ टीबीच दिली तर बोर्डावर दुसरा एम.२ स्लॉट मोकळा आहे ना, आणि तो कार्डाखाली दडलेला नाही ना, तेवढं विचारून घ्या.